मॉरिशसला गेलेल्या मराठी पूर्वजाचं कोकणातलं गाव कसं शोधायचं?

मॉरिशसच्या वाक्वा भागात राहणाऱ्या एका मराठी ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे खापरपणजोबा ऊसमळ्यावर कामाला आले. घरात 'मुंबईचं जहाज' आणि 'रत्नागिरी' एवढंच स्मरणात उरलंय. त्यांचं आडनाव कोकणात कुणाचंच नाही, मतदारयाद्या चाळूनही मिळालं नाही. मूळ गाव सापडेल का आणि सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी बावीस वर्षं हेच काम करतोय. मोडी कागद वाचणं हा माझा मूळ व्यवसाय, त्यातून या वाटेला लागलो. अनुभवाने सांगतो: तालुक्यापर्यंत बहुधा पोचता येतं, गावापर्यंत पुष्कळदा, भावकीच्या उंबऱ्यापर्यंत मात्र थोड्यांनाच. पण आडनावाचा माग काढत राहिलात तर यातलं काहीच हाती लागणार नाही. आडनाव बाजूला ठेवा. पोर्ट लुईला उतरल्यावर तुमच्या खापरपणजोबांना एक क्रमांक मिळाला होता. तो शोधायचाय.

आडनाव का नको, ते आधी सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कोकणातला कुळ कसणारा माणूस सरकारदरबारी आपलं नाव सांगायचा ते 'भिकू बिन रामा', म्हणजे रामाचा मुलगा भिकू, असं. आडनाव असलं तरी ते विचारलं जाईलच असं नव्हतं. बंदरावरच्या कारकुनाने कानावर पडलं ते पहिलं नाव टिपलं. पुढे मुलाची जन्मनोंद झाली तेव्हा बापाचं तेच नाव आडनावाच्या जागी जाऊन बसलं आणि पिढ्यान् पिढ्या चालू राहिलं. म्हणून मॉरिशसमधल्या कितीतरी मराठी घरांची आडनावं बाबाजी, सोनू, पांडू, राणू अशा धाटणीची आहेत. ती खरोखर माणसांची नावंच आहेत. तुमचं आडनाव म्हणजे बहुतेक त्या पहिल्या माणसाचं किंवा त्याच्या वडिलांचं नाव. गावी राहिलेल्या त्याच्या भावाची पोरं मात्र गावावरून, वाडीवरून किंवा मानावरून पडलेलं आडनाव लावत असणार. दोन्ही आडनावं एकाच घराची, पण एकमेकांना ओळख न देणारी.

आता क्रमांकाकडे येतो. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली, मॉरिशसमध्ये ती १ फेब्रुवारी १८३५ पासून संपली, आणि मळेवाल्यांना मजूर हवे होते. त्याच्या थोडं आधी, २ नोव्हेंबर १८३४ ला, 'अ‍ॅटलस' जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन आलं. तिथून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख भारतीय या बेटावर उतरले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशी तीन बंदरं. मुंबईचा वाटा त्यात सगळ्यांत लहान, आणि ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे, कारण गर्दी कमी तेवढी शोधाशोध सोपी. उतरलेल्या प्रत्येकाची नोंद वहीत झाली आणि प्रत्येकाला क्रमांक मिळाला, बायकांना आणि मुलांनाही. नंतर तो माणूस लग्न करो, मळा बदलो, मरो, सरकार त्याला त्या क्रमांकानेच ओळखायचं. माणसाला असं क्रमांकात बांधणं वाईटच होतं. पण त्यामुळेच आज दीडशे वर्षांनी आपण त्याला शोधू शकतो.

क्रमांक मिळवायचा तो तुमच्या स्वतःच्या जन्मदाखल्यापासून मागे जात. तुमचा दाखला, वडिलांचा, आजोबांचा, पणजोबांचा. एकही पायरी गाळू नका, कितीही खात्री असली तरी. बेटावर जन्मलेल्याला असा क्रमांक नसतो. म्हणून मागे जाता जाता ज्या नोंदीत आईच्या किंवा वडिलांच्या नावापुढे आकडा दिसेल, तिथे तुम्ही भारतातून आलेल्या माणसापाशी पोचलात. दाखल्याचा टंकलिखित उतारा घेऊन थांबू नका, मूळ नोंदीची प्रत मागा. उताऱ्यात नेमका तो आकडा आणि समासातली शेरेवजा ओळ गळते. वडिलांचा क्रमांक अस्पष्ट असला तर आईचा वाचा. जन्मनोंद मिळाली नाही तर मृत्यूची बघा, धाकट्या भावंडांच्या नोंदी बघा. एका मुलाच्या नोंदीत आकडा चुकलेला असतो, दुसऱ्याच्या नोंदीत बरोबर. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची पाच वर्षं एका चुकलेल्या आकड्यापायी गेली होती. त्या क्रमांकातले चार अंक जुळत होते, पण एका ठिकाणी सातच्या जागी एक वाचला गेला होता. पणजोबांच्या बहिणीच्या लग्नाची नोंद काढली आणि गाठ सुटली.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पुष्कळ जन्मनोंदींत वडिलांचं नावच नसतं, मूल आईच्या नावावर असतं. हे पाहून लोक गप्प होतात, काही जण शोधच सोडून देतात. कृपा करून तसं करू नका. आपल्या पद्धतीने, अंतरपाट धरून आणि अक्षता टाकून झालेलं लग्न तिथल्या दिवाणी नोंदवहीत नोंदलं नाही, तर कायद्याच्या लेखी ते लग्नच नव्हतं. त्यामुळे सगळ्या वस्तीसमोर लग्न झालेल्या जोडप्याची मुलंही कागदावर अनौरस ठरली. तो त्या काळच्या कायद्याचा दोष आहे, तुमच्या पणजीचा नाही. अशा वेळी आईचा क्रमांक घेऊन पुढे जायचं.

क्रमांक हाती आला की मॉरिशसमधल्याच मोका गावी जा. तिथल्या महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात या आगमनाच्या मूळ वह्या आहेत. दाखल्यांची साखळी दाखवून तिथे शोध घेता येतो. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला आल्या, तेव्हा सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या लोकांना ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून मिळणारं कार्ड) मिळू शकेल असं जाहीर झालं. तेव्हापासून बरेच जण या वह्यांकडे फक्त कार्डापुरते वळतात, एक उतारा घेतात आणि निघून जातात. तुम्ही तसं करू नका. पूर्ण पान बघायची परवानगी मागा.

त्या पानावर साधारणपणे नाव, वडिलांचं नाव, वय, उंची, जात, शरीरावरची खूण, जिल्हा, त्याखालचा विभाग, गाव, जहाज, तारीख आणि कोणत्या मळ्यावर नेमणूक झाली ते असतं. पुढे मृत्यू, परतीचा प्रवास यांचे शेरे. पहिल्या दशकांतल्या वह्या त्रोटक आहेत, नंतरच्या भरगच्च. वय अंदाजे धरा. वीस, पंचवीस, तीस असे गोल आकडे दिसले की कारकुनाने चेहरा पाहून लिहिलंय असं समजा. जातीच्या रकान्यावर फार विसंबू नका. 'मराठा' हा शब्द तिथे पुष्कळदा मराठी बोलणारा एवढ्याच अर्थाने पडलाय, त्यात कुणबीही आले आणि इतरही आले. सगळ्यांत भरवशाचा रकाना वडिलांच्या नावाचा. ते नाव जपून उतरवून घ्या, कोकणात तेच कामाला येणार आहे. आणि खूण वाचाच. 'डाव्या गुडघ्यावर व्रण', 'तोंडावर देवीचे वण' असं काहीतरी असतं. ज्याच्याबद्दल घरात एक शब्द उरला होता, त्या माणसाचा गुडघा दिसतो. मी कित्येकांना त्या ओळीवर बोट ठेवून रडताना पाहिलंय.

फोटोही असू शकतो, सगळ्यांचा नाही. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांना फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे, नसला तर पोलीस भटक्या म्हणून धरत. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये मजुरांची बाजू घेणारे मळेवाले आदोल्फ द प्लेवित्झ यांनी नऊ हजारांवर मजुरांच्या सह्यांचा अर्ज दिला आणि त्यावरून १८७२ मध्ये शाही आयोगाची चौकशी झाली. तुमचे खापरपणजोबा १८६० च्या आसपास आले असतील तर त्या परवान्यासाठी कॅमेऱ्यापुढे बसले असण्याची शक्यता चांगली आहे. मात्र १८६७ च्या मलेरियाच्या साथीत बेटावर फार माणसं गेली. त्या एक-दोन वर्षांत कुटुंबाचा धागा अचानक तुटला, मूल दुसऱ्याच घरात वाढलेलं दिसलं, तर आधी साथीचा विचार करा.

आता या सगळ्यातली माझ्या मते सर्वांत मोलाची युक्ती. तुमच्या पूर्वजाचा क्रमांक सापडला की त्याच्या आधीचे पंचवीस आणि नंतरचे पंचवीस क्रमांक उतरवून घ्या. माणसं एकेकटी आली नाहीत. मळ्यावरून परत आलेला जुना मजूर किंवा मुकादम आपल्याच गावात, आपल्याच सोयऱ्यांत फिरून माणसं गोळा करायचा. ती एकत्र मुंबईला जायची, एकाच जहाजात चढायची आणि वहीत एकाखाली एक नोंदली जायची. एका शोधात पूर्वजाच्या नावापुढे गाव म्हणून नुसतं 'मुंबई' होतं. कोकणातला माणूस गलबताने मुंबईला येऊन वर्षभर हमाली करून मग जहाजावर चढला असेल तर असं होतं. पण त्याच्या वरचे तीन आणि खालचे चार जण संगमेश्वरकडच्या एकाच गावचे निघाले. त्यांतल्या दोघांच्या वडिलांचं नाव पूर्वजाच्या वडिलांच्या नावाशी जुळत होतं. आम्ही त्या गावात गेलो आणि भावकी मिळाली. आडनाव घेऊन फिरलो असतो तर सात जन्मांत मिळाली नसती.

गावाचं नाव वाचणं ही वेगळी विद्या आहे. मराठी गाव, ऐकणारा परका, लिहिणारा इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाचा. रत्नागिरीचं 'रटनागेरी', चिपळूणचं 'चिपलून', सावंतवाडीचं 'सावंतवारी'. ळ नेहमी ल होतो, ड आणि र एकमेकांच्या जागा घेतात, शेवटचा स्वर कधी गळतो, कधी नसता चिकटतो. म्हणून कागदावर डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा, आणि शक्य झालं तर त्या तालुक्यातल्या वयस्क माणसाला फोनवर ऐकवा. तो पटकन गाव सांगतो.

मग नकाशा. आजच्या जिल्ह्यांनी शोधू नका. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, त्याआधी मालवण, देवगड, वेंगुर्ला रत्नागिरीत होते. म्हणजे तुमच्या घरातल्या 'रत्नागिरी' या शब्दात मंडणगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत काहीही असू शकतं. सावंतवाडी वेगळं संस्थान. सातारा १८४८ पर्यंत छत्रपतींचं राज्य. तालुक्यांची नावंही बदलली; एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग अशी किल्ल्यांच्या नावांची जुनी विभागणी होती. वहीत 'सुवर्णदुर्ग' दिसलं तर किल्ल्यात शोधू नका, दापोलीच्या आसपासची गावं बघा. १८८० चं मुंबई गॅझेटिअरचं रत्नागिरी-सावंतवाडीचं पुस्तक जवळ ठेवा. त्यात जुन्या वाटा, बंदरं आणि बाजाराची गावं आहेत. आणि एकाच नावाची दोन गावं असतात हे विसरू नका. संगमेश्वरातच आंबेड बुद्रुक आणि आंबेड खुर्द आहेत, वहीत मात्र नुसतं आंबेड येणार.

कागद मुके असतील तर घराकडे वळा. आजी किंवा मोठी काकू असेल तर आजच जाऊन बसा, हे काम पुढे ढकलू नका. घरात कोणत्या देवाचं नाव घेतात? रवळनाथ किंवा सातेरी असेल तर मी सावंतवाडी, वेंगुर्ला, गोव्याच्या बाजूला बघेन. काळकाई, वाघजाई असेल तर खेड-महाडपासून घाटावरच्या जावळीपर्यंत. जोतिबा असेल तर कोल्हापूरची वाट. गणपती किती दिवसांचा, गौर तेरड्याची की खड्यांची, गौरीला गोडाचा नैवेद्य की तिखटाचा, हे लिहून काढा. तुमच्याकडे जी झाकरी नाचतात ती आमच्या रत्नागिरीची जाखडी आहे. तिच्या जुन्या गाण्यांत गावाचं, देवाचं, नदीचं नाव अडकलेलं असतं. शब्द कळत नसले तरी रेकॉर्ड करून ठेवा.

घरातल्या दंतकथेबद्दलही बोलतो. 'आमचे पूर्वज सत्तावनच्या बंडातून निसटून आले' असं मला बरेच जण सांगतात. त्यावर हसू नये आणि डोळे झाकून विश्वासही ठेवू नये. १८५८-५९ मध्ये मॉरिशसला येणाऱ्यांची संख्या खूपच वाढली हे खरं. पण जहाजाची तारीख १८४५ ची निघाली तर कथा बाजूला ठेवावी लागते. तसं झालं तरी ती लिहून ठेवा, कारण कथेतला माणूस चुकला तरी गाव बरोबर असू शकतं.

आता कोकणातले कागद. एक गोष्ट समजून घ्या: गेलेला माणूस स्वतः गावच्या दप्तरात बहुधा सापडणार नाही. खेड्यांतल्या जन्म-मृत्यूच्या नियमित नोंदी त्याच्या जाण्यानंतरच्या. आपण शोधायचे ते त्याचे मागे राहिलेले भाऊ आणि पुतणे. रत्नागिरीची बहुतेक गावं खोती. जमीन खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या देखरेखीत, कसणारा कुळ. म्हणून जुन्या सातबाऱ्यावर खोताचं नाव दिसेल आणि तुम्ही निराश व्हाल. तिथे थांबू नका, बोटखत मागा. खोती गावांत कोणतं कुळ कोणती जमीन कसतं आणि खोताला काय देतं, ते त्यात नावानिशी लिहिलेलं असतं. १८८० च्या खोती कायद्याच्या काळातलं बोटखत मिळालं तर १८५५ ला गेलेल्या माणसाचे पुतणे त्यात असायला हवेत. 'गोविंद बिन रामा' हे नाव दिसलं, आणि मोकाच्या वहीत तुमच्या खापरपणजोबांच्या वडिलांचं नाव रामा असेल, तर कान टवकारा. पण एवढ्याने नातं ठरवू नका. रामा, भिकू, सोनू गावात दहा असतात. वाडी जुळली पाहिजे, देव जुळला पाहिजे, दुसऱ्या भावाचं नाव जुळलं पाहिजे. तीन गोष्टी जुळल्याशिवाय मी कुणालाही 'हे तुमचं घर' असं सांगत नाही.

पुढच्या पिढ्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक (गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही), विसाव्या शतकाच्या सुरुवातीची हक्कनोंद आणि फेरफार. जुनी पानं मोडीत असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याची मोहीम निघाली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांनी अशी पानं स्कॅन करून आपापल्या संकेतस्थळांवर टाकली. तालुका आणि गाव निवडून ती घरबसल्या बघता येतात. तुमच्यासारख्या परदेशातल्या माणसाला एवढी सोय याआधी कधीच नव्हती. मोडी वाचणारा माणूस मात्र गाठा. शाळेच्या जनरल रजिस्टरचाही उपयोग होतो, तिथे आडनाव आणि जात स्पष्ट असते.

मुंबईच्या काळा घोड्याजवळचं राज्य पुराभिलेखागार शेवटी ठेवा. मजूर पाठवण्याबद्दलचा सरकारी पत्रव्यवहार तिथे आहे, काळ समजून घ्यायला उत्तम, पण नावनिशीवार माणूस मिळेल या आशेने महिनाभर तिथे बसू नका. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचंही तेच. मागे राहिलेल्या भावकीतला कुणी तिथे जाऊन आला असेल तरच नाव लागेल. शोध कोल्हापूर-सांगलीकडे वळला तर हेळव्यांना विचारा. घरोघर फिरून वंशावळ सांगणारी ही मंडळी पिढ्यांची नावं धडाधड म्हणतात आणि त्यांच्या चोपड्याही असतात.

शेवटी गाव. ते ठरलं की गणपतीत किंवा शिमग्यात या. मुंबईचे चाकरमानी तेव्हाच घरी असतात आणि अख्खी भावकी एका ठिकाणी भेटते. आल्याबरोबर सातबारा विचारू नका. परदेशातून कुणी आला आणि जमिनीचे कागद मागू लागला की हा वाटा मागायला आला, हीच शंका पहिल्यांदा येते, आणि ती चुकीची नाही, कोकणातल्या सामाईक जमिनींचे वाद पिढ्यान् पिढ्या चालतात. आधी ग्रामदेवतेच्या देवळात जा, गुरवाला भेटा, गावकऱ्यांसमोर स्पष्ट सांगा की मला काही नको, फक्त नाव हवंय. मग विचारा, 'तुमच्यातलं कुणी मोरसला गेलेलं ऐकलंय का?' मॉरिशस हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी नसतो. मोरस साखर मात्र त्यांनी ऐकलेली असते.

तूर्त एवढं करा. पणजोबांच्या जन्मनोंदीची आणि त्यांच्या आईवडिलांपैकी ज्याची मिळेल त्याच्या मृत्यूनोंदीची पूर्ण पानाची प्रत काढा, समासासकट. आकडा वाचता येत नसेल तर अंदाजाने भरू नका, पान जसंच्या तसं पाठवा. क्रमांक एकदा नक्की झाला की जहाज आणि शेजारची पन्नास नावं आपण एकत्र बसून वाचू.